दोन उलटे पीळ

विदर्भात पिकणाऱ्या कापसाचा एक तंतू साधारण 25 ते 30 मिलिमीटर लांब भरतो. चिमटीत धरून ओढला तर सहज तुटतो. तरी याच तंतूंचा दोरा शेकडो मीटर लांब निघतो आणि त्या दोऱ्याची जाजमे, सतरंज्या, तंबू वर्षानुवर्षे टिकतात. अंबाडीच्या वाखाचेही तसेच. त्याची एकेक बट फार तर झाडाच्या उंचीची, आणि तिच्यापासून वळलेला मोटेचा नाडा मात्र विहिरीच्या तळापर्यंत पोचणारा. मधे कुठे गाठ नाही, गोंद नाही. तोकडे तुकडे एकमेकांना लावून ठेवले आणि पिळले, एवढेच. मग ओढल्यावर ते एकमेकांतून निसटत का नाहीत?

हा प्रश्न गॅलिलिओला महत्त्वाचा वाटला होता. दोन नव्या शास्त्रांवरचा त्याचा ग्रंथ 1638 साली लायडनला छापला गेला. तो तीन माणसांच्या संवादाच्या रूपात आहे. लाकूड, दगड, धातू यांचे कण एकमेकांना कशाने धरून राहतात याची चर्चा सुरू असते. तेव्हा सिंप्लिशिओ विचारतो की, हेम्प नावाच्या वाखाच्या दोनतीन हात लांब तंतूंचा शंभर हातांचा दोर इतका बळकट कसा होतो? साल्व्हियातीचे उत्तर असे की, पिळामुळे तंतू एकमेकांवर दाबले जातात आणि हा दाब इतका असतो की ओढल्यावर तंतू तुटेल, पण सुटून बाहेर येणार नाही. मग सग्रेडो आपल्या एका तरुण नातलगाची करामत सांगतो. त्याने लाकडाच्या दंडगोलावर मळसूत्री खाच कोरली, दोर त्या खाचेतून फिरवला आणि वरून नळी बसवली. नळी हाताने आवळली की दोर दाबला जाई आणि उतरणाऱ्याचा वेग कमी होई. खिडकीतून खाली उतरताना तळहात सोलत नसत. आज कड्यावरून उतरणारे गिर्यारोहक जी उपकरणे वापरतात त्यांच्यामागे हेच तत्त्व आहे.

साल्व्हियातीचे उत्तर बरोबर होते. पिळलेल्या दोऱ्यात तंतू सरळ नसतो, तो जिन्यासारखा गोल फिरत जातो. दोरा ओढला की तो सरळ व्हायला बघतो आणि सरळ होण्याच्या धडपडीत आतल्या शेजाऱ्यांना आवळतो. जितके जोरात ओढाल तितका हा दाब वाढतो. दाब वाढला की घर्षण वाढते, आणि घर्षण वाढले की निसटणे अवघड होते. म्हणजे दोरा तोडण्यासाठी लावलेला जोरच त्याला धरून ठेवतो. मला या सगळ्या विषयातली सर्वांत विलक्षण गोष्ट हीच वाटते. बाकी पुष्कळ वस्तू ताण आला की सैल होतात, हा मात्र ताणाखाली घट्ट होतो.

घर्षण किती झपाट्याने वाढू शकते याचा अंदाज बंदरावर येतो. होडी बांधताना कोळी दोर खुंटाला दोनतीन वेढे देऊन मोकळे टोक नुसते हातात धरतो, आणि भरलेली होडी जागची हलत नाही. लिओनार्ड ऑयलरने अठराव्या शतकात याचे गणित मांडले. दोर आणि खुंट यांच्यातला घर्षणांक 0.3 धरला, तर एका वेढ्यात हाताच्या जोराच्या साडेसहा पट ओढ पेलते, दोन वेढ्यांत 43 पट आणि तीन वेढ्यांत सुमारे 285 पट. प्रत्येक वेढा आधीच्या आकड्याला गुणत जातो. पिळलेल्या दोऱ्यातला प्रत्येक तंतूही आपल्या शेजाऱ्यांभोवती असेच वेढे घेत पुढे जातो.

गॅलिलिओच्या प्रश्नाचा काही भाग मात्र अगदी अलीकडेपर्यंत शिल्लक होता. 2018 साली पॅट्रिक वॉरन, रॉबिन बॉल आणि रेमंड गोल्डस्टीन या शास्त्रज्ञांनी तोकड्या तंतूंच्या सुताचे गणिती प्रारूप मांडले आणि त्यात एक उंबरठा असल्याचे दाखवले. तंतूंचा एकमेकांशी संपर्क या उंबरठ्याच्या खाली असेल, तर ओढल्यावर ते हळूहळू निसटत जातात. उंबरठा ओलांडला की निसटणे जवळपास संपतेच. सिद्धान्तापुरते बोलायचे तर घर्षण मग कितीही ताण पेलू शकते आणि सूत तुटते ते तंतूच तुटतात म्हणून. पेळूतून सूत काढणाऱ्याच्या बोटांना हा उंबरठा नेमका कळतो. पीळ कमी पडला की सूत मऊपणे विरळ होत सुटते, पुरेसा बसला की ते खाडकन तुटते.

पिळाचा दोष असा की तो टिकत नाही. पिळलेली सुतळी हातातून सोडली की क्षणात उलगडते. पिळताना आपण तिच्यात जी शक्ती साठवलेली असते, ती बाहेर पडायची वाट शोधत असते. माणसाने यावर जो तोडगा काढला, त्याला मी आगीच्या आणि चाकाच्या रांगेत बसवीन. वाचकाने तो स्वतः करून पाहावा. हातभर सुती दोरा घ्या, एक टोक खिळ्याला बांधा आणि दुसरे टोक एकाच दिशेने पिळत राहा. दोरा ताठ होऊन कुरकुरू लागला की मधोमध बोट लावून दोन्ही टोके एकत्र आणा आणि बोट काढून घ्या. दोन्ही पदर आपोआप एकमेकांभोवती फिरतील, आणि फिरतील ते तुम्ही दिलेल्या पिळाच्या उलट दिशेने. आता सोडून दिले तरी दोरा उलगडणार नाही. प्रत्येक पदराला स्वतःचा पीळ सोडवायचा आहे. पण तो सोडवायचा तर जोडीचा पीळ आणखी घट्ट व्हावा लागतो, आणि जोडीचा पीळ सुटायचा तर पदरांचा वाढावा लागतो. दोघांची ओढ एकमेकांना अडवून धरते.

दोर वळण्याचे सगळे शास्त्र या उलटसुलट क्रमात आहे. तंतू एका दिशेने पिळून सूत करायचे, सुते उलट दिशेने पिळून पदर करायचा, तीन पदर पुन्हा उलट दिशेने वळून दोर करायचा. जहाजाच्या नांगरासाठी असे तीन दोर आणखी एकदा उलट वळतात. वस्त्रोद्योगात पिळाच्या दिशेला इंग्रजी अक्षरांवरून नावे आहेत. दोर उभा धरला आणि वळ्या खालून डावीकडून वर उजवीकडे चढताना दिसल्या तर तो झेड पीळ, उलट दिसल्या तर एस. बाजारात मिळणारा साधा तीनपदरी दोर बहुतेक वेळा झेड असतो.

इंग्रजीत या क्रियेसाठी ट्वाइन हे क्रियापद आहे आणि त्याची मुळे दोन या संख्येत आहेत. जुन्या इंग्रजीत हा शब्द दुपदरी धाग्यासाठी होता. इंग्रजीतल्या 'टू'शी आणि आपल्याकडच्या संस्कृत 'द्वि'शी त्याचे नाते आहे. ट्विस्टही त्याच घरातला, पण वापरात फरक पडला. ट्विस्ट एकट्या वस्तूलाही देता येतो. ओले फडके पिळले तरी तो ट्विस्टच. इन्टरट्वाइन म्हणायला मात्र किमान दोन गोष्टी लागतात, आणि दोघींनाही एकमेकींभोवती फिरावे लागते. वेल खांबाला वेढतो तेव्हा खांब स्थिर असतो, तिथे ट्वाइन किंवा एन्ट्वाइन चालते. दोन वेल एकमेकांत गुंततात तिथे इन्टरट्वाइन जास्त शोभते. म्हणूनच दोन घराण्यांचे इतिहास किंवा दोन माणसांची आयुष्ये एकमेकांत गुंतली असे लिहिताना इंग्रजी लेखक तोच शब्द निवडतात. तो वापरायचा असेल तर गुंतणे दोन्ही बाजूंनी आहे ना, एवढे पाहून घ्यावे.

हे तंत्र किती जुने आहे याचा पुरावा 2020 साली हाती आला. फ्रान्सच्या आर्देश खोऱ्यात आब्री दु मारास नावाचा खडकाचा आडोसा आहे. तिथल्या उत्खननात सापडलेल्या एका दगडी हत्याराच्या खालच्या बाजूला दोरीचा एक कण चिकटलेला होता. लांबी 6.2 मिलिमीटर आणि जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. ब्रूस हार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा तीन पदर स्पष्ट दिसले. प्रत्येक पदराला एस पीळ होता आणि तिन्ही मिळून झेड दिशेने वळलेले होते. तंतू सूचिपर्णी झाडाच्या अंतर्सालीचे होते. काळ 41,000 ते 52,000 वर्षांपूर्वीचा, आणि वळणारे हात निअँडरथलांचे. ज्यांना आपण दीर्घकाळ अडाणी समजत आलो त्यांना तंतू, पदर आणि दोरी यांचा उलटसुलट क्रम ठाऊक होता. दोरी वळायची तर सगळ्या पायऱ्यांचा हिशेब एकाच वेळी डोक्यात धरावा लागतो. त्यांच्या बुद्धीविषयीचे जुने मत बदलायला हा एवढासा कण मला पुरेसा वाटतो.

जर्मनीतल्या होल फेल्स गुहेत मॅमथच्या सुळ्याची एक पट्टी मिळाली आहे. ती 20.4 सेंटिमीटर लांब आहे, तिला ओळीने चार भोके आहेत आणि भोकांच्या आत तिरक्या मळसूत्री खाचा कोरलेल्या आहेत. वय 35 ते 40 हजार वर्षे. प्रत्येक भोकातून तंतूंचा एक पदर ओवला, तर खाचांमुळे पीळ सारखा राहतो आणि पदर एकमेकांत गुरफटत नाहीत. संशोधकांनी तशाच पट्टीने दोर वळून दाखवला आहे. पुढे युरोपातले कारागीर खाचा पाडलेला लाकडी शंकू याच कामासाठी वापरत. शंकू पुढे सरकत जातो आणि त्याच्या मागे दोर तयार होत जातो.

मोठा दोर करायचा तर आणखी एक अडचण येते, ती जागेची. पिळताना सूत आखडते, त्यामुळे तयार दोर मूळ सुताच्या दोन तृतीयांशाच्या आसपास भरतो. शिवाय पदर सगळ्या लांबीभर ताणून ठेवावे लागतात. म्हणून इंग्लंडमधल्या चॅटम गोदीत अठराव्या शतकाच्या अखेरीस दोर वळण्यासाठी जी इमारत उभी राहिली तिची लांबी 346 मीटर आहे. चॅटमला दोर वळायचे काम 1618 पासून होत आले आहे आणि या इमारतीत आजही ते चालते. यंत्रे येण्यापूर्वी कातणारा माणूस हेम्पचा गठ्ठा कमरेला गुंडाळून, हातांनी तंतू सोडत सोडत उलट पावली चालत जाई. दुसऱ्या टोकाला कोणीतरी चाक फिरवीत असे. 1765 साली चॅटमलाच पाण्यात उतरलेल्या व्हिक्टरी या युद्धनौकेवर चाळीस-पन्नास किलोमीटर दोर लागत असे. सरकारी दोर इतका मौल्यवान होता की चोरी ओळखू यावी म्हणून वळतानाच त्यात एक वेगळ्या रंगाचे सूत घालत. कितीही तुकडे केले तरी ते सूत प्रत्येक तुकड्यात निघणारच. मुंबईतही काळा घोडा भागातल्या एका गल्लीचे जुने नाव रोप वॉक लेन. शिडाच्या जहाजांच्या काळात अशा लांबलचक जागेवाचून कुठल्याच बंदराचे भागत नव्हते.

किती पीळ द्यायचा हे ठरवणे आजवर कारागिराच्या हातावर होते. डेन्मार्कच्या याकोब बोर आणि कास्पर ओल्सेन यांनी काही वर्षांपूर्वी त्यामागची भूमिती उलगडली. ठरावीक लांबीच्या पदरांना एकमेकांभोवती जास्तीत जास्त किती वळणे बसू शकतात याला एक कमाल मर्यादा आहे, आणि ती पदार्थावर अवलंबून नाही. गवत असो, हेम्प असो की नायलॉन, आकार तोच राहतो. त्या बिंदूपाशी वळलेला दोर ताणला तरी स्वतःभोवती गरगरत नाही. जगातल्या वेगवेगळ्या काळांतले दोर दिसायला इतके सारखे का, याचे उत्तर यात मिळते. सगळ्यांची बोटे एकाच भूमितीपाशी जाऊन पोचली होती.

पीळ वाढवला की बळ वाढतच जाते असे मात्र नाही. एका मर्यादेनंतर तंतू इतके आडवे होतात की ताणाच्या दिशेने त्यांचा जोर लागत नाही. बळ घटते, सुताला अढी पडते. कामानुसार पीळ बदलतो. उभ्या धाग्याला मागावर ताण सोसायचा असतो म्हणून त्याला जास्त पीळ, होजिअरीच्या सुताला कमी, कारण गंजीफ्रॉक अंगाला मऊ लागला पाहिजे. देवापुढच्या समईची वात वळताना घरातल्या बायका पीळ मुद्दाम हलका ठेवतात. तंतूंमधल्या बारीक फटींतूनच तेल वर चढते. घट्ट पिळलेली वात तेल ओढत नाही आणि मंदावते.

जिथे तंतू मुळातच अखंड आहे तिथे पीळ दिला नाही तरी चालते, नव्हे, न दिलेला बरा. 1883 साली खुल्या झालेल्या न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाच्या मुख्य केबलमधल्या पोलादी तारा पिळलेल्या नाहीत, शेजारी शेजारी समांतर आहेत. आपल्या वांद्रे-वरळी सागरी सेतूचा भार पेलणाऱ्या केबलमध्येही समांतर ताराच आहेत. तार या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच असली की तिला घर्षणाने जोडायची गरज उरत नाही, आणि सरळ तार ताण पुरा घेते. म्हणजे पिळाचे खरे काम तोकड्यांना लांब करण्याचे आहे.

पण तारेलाही पीळ देण्याची वेळ येते, ती वाकावे लागते तेव्हा. जर्मनीच्या हार्झ डोंगरातल्या क्लाउस्टालच्या खाणींत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला धातुक वर ओढायला साखळ्या आणि हेम्पचे दोर होते. दोर ओलाव्याने कुजत आणि साखळीची एक कडी तुटली की सगळा भार खाली कोसळे. खाणींचे अधिकारी विल्हेल्म आल्बर्ट यांनी 1834 साली लोखंडी तारांचा पिळलेला दोर तयार करून खाणीत वापरात आणला. त्यात चार तारांचा एक पदर आणि असे तीन पदर होते. पिळामुळे तो चाकावरून वळू शकत होता. त्याहून मोठा लाभ असा की एक तार तुटली तरी तिचे टोक शेजारच्या तारांच्या दाबाखाली पकडले जाते आणि काही वळ्या ओलांडल्यावर तीच तार पुन्हा आपला वाटा उचलू लागते. साखळीत एका कडीचा दोष सगळ्यांना भोवतो, दोरात तो तिथल्या तिथे सामावतो. आज उंच इमारतींच्या लिफ्ट अशाच दोरांवर चालतात. त्यांपैकी अनेक दोरांच्या मधोमध वंगणात भिजवलेला सिसलचा गाभा असतो. सिसल म्हणजे आपल्या बांधावरच्या घायपाताचाच भाऊबंद.

घायपाताचे नाव आले की महाराष्ट्रातल्या दोराबद्दल सांगितलेच पाहिजे. हे झाड मूळचे मेक्सिकोच्या बाजूचे, पण इथल्या माळांवर आणि बांधांवर इतके रुजले की केकताड या नावाने ते गावचेच होऊन गेले. अंबाडीचे ताट कापून, जुड्या बांधून पाण्यात कुजत घालायचे, साल सुटली की वाख काढून धुऊन वाळवायचा. घायपाताची पाने ठेचून त्यांचा वाख काढायचा. कोकणात नारळाच्या सोडणाचा काथ्या. त्याचा सुंभ खाऱ्या पाण्यात लवकर कुजत नाही, म्हणून तो जहाजाच्या कामाचा. शेतीच्या प्रत्येक कामाला वेगळा दोर असे. बैलाच्या नाकात वेसण, हाकणाऱ्याच्या हातात कासरा, गोठ्यात दावे, मोटेला नाडा आणि सोंदूर, घरात शिंके. जाडी, पीळ आणि पदर या सगळ्यांचा हिशेब वेगळा. वेसण मऊ हवी, नाहीतर नाकपुडी चिरते. नाडा मात्र चाकावर रोज घासला जाणार म्हणून कडक पिळाचा.

हे वळण्याचे काम पिढ्यान् पिढ्या मुख्यतः मातंग समाजाकडे होते. बैलपोळ्याला गावातल्या प्रत्येक बैलाला नवी वेसण आणि नवा कासरा मिळे तो त्यांच्या हातचा. मोबदला बलुत्याचा, तोही धान्याच्या राशीतून मिळेल तेवढा. ज्या कसबावाचून मोट हलत नव्हती आणि औत चालत नव्हते, त्या कसबाच्या धन्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले. हा अन्याय होता आणि दोराचा इतिहास लिहिताना तो टाळून पुढे जाता येत नाही. इंग्लंडने आपल्या दोर वळणाऱ्यांची गोदी संग्रहालय म्हणून जपली आहे. आपल्याकडे वाख काढण्यापासून नाडा वळण्यापर्यंतच्या कृतीची तपशिलाने नोंद घेण्याचे काम अजून मोठ्या प्रमाणावर व्हायचे आहे. नायलॉनच्या दोराने बाजार घेतला असला तरी वळणारे जुने हात काही गावांत अजून आहेत.

काथ्याच्या बाबतीत एक चांगली गोष्ट नुकतीच घडली. अजिंठ्याच्या भित्तिचित्रात पाचव्या शतकातले एक शिडाचे जहाज रंगवलेले आहे. त्यावरून भारतीय नौदलासाठी एक जहाज बांधले गेले. गोव्यात बांधलेले हे जहाज फेब्रुवारी 2025 मध्ये पाण्यात उतरले आणि मे महिन्यात कारवारला 'कौंडिण्य' या नावाने नौदलात दाखल झाले. त्याच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत, केरळच्या कारागिरांनी त्या काथ्याच्या दोराने शिवल्या आहेत. अरबी समुद्रावरची जुनी जहाजे अशीच शिवलेली असत. लाटेच्या तडाख्यात शिवण थोडी लवते, पण फळी फुटत नाही.

पेरूमध्ये आपुरिमाक नदीवर केस्वाचाका हा सुमारे 28 मीटरचा झुलता पूल आहे, तो नुसत्या गवताचा. काठावरच्या चार गावांतली माणसे दर वर्षी जून महिन्यात तो नव्याने बांधतात. कोया नावाचे गवत भिजवायचे, दगडाने ठेचायचे आणि दोन्ही तळहातांत फिरवून दोरी वळायची. प्रत्येक कुटुंबाने आपल्या वाट्याची दोरी आणायची. या दोऱ्यांचे जाड दोर होतात आणि त्यांपासून पुलाचे मुख्य दोरखंड, चार पायाखाली आणि दोन हाताशी. नवा दोर पलीकडे गेला की जुना पूल नदीत सोडून देतात. 2013 साली युनेस्कोने या परंपरेला मानवी वारशाच्या यादीत घेतले. महामारीत डागडुजी राहिली आणि मार्च 2021 मध्ये पूल कोसळला, तेव्हा त्याच वर्षी जूनमध्ये गावकऱ्यांनी तो पुन्हा उभा केला. गवताची एक काडी लहान मूलही तोडते, आणि त्याच गवतावरून माणसे दरी ओलांडतात.

बळाशी संबंध नसतानाही पीळ उपयोगी पडतो. टेलिफोनच्या दोन तारा शेजारून नेल्या की बाहेरच्या विजेचा गोंगाट त्यांत शिरतो आणि एका जोडीतले बोलणे दुसरीत ऐकू येते. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी 1881 साली पिळलेल्या जोडीचे पेटंट घेतले. दोन्ही तारा एकमेकींभोवती फिरत असल्या की गोंगाटाच्या उगमापाशी कधी ही जवळ असते, कधी ती, त्यामुळे दोघींत तो सारखाच शिरतो. ऐकणारे यंत्र दोघींतला फक्त फरक मोजते, आणि सारखा असलेला गोंगाट वजा होतो. घरातल्या इंटरनेटच्या लॅन केबलमध्ये अशा चार जोड्या असतात आणि चौघींचा पीळ मुद्दाम वेगवेगळा ठेवतात, म्हणजे जोडीचे जोडीशीही जुळत नाही.

आणि दोराचा मूळ नियम आपल्या शरीरातही आहे. कातडी, हाडे, स्नायूबंध यांना बळ देणारे प्रथिन म्हणजे कोलॅजन. मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी 1954 साली 'नेचर' या नियतकालिकात त्याची रचना मांडली: एकमेकींना बिलगलेल्या तीन साखळ्या. पुढच्या संशोधनात तपशील भरत गेले. प्रत्येक साखळी डावीकडे वळलेली असते आणि तिन्ही मिळून उजवीकडे फिरतात. तोच उलटा क्रम, तेच कारण. ताण आला की साखळ्या उलगडत नाहीत, अधिक बिलगतात. टाचेमागचा जो स्नायूबंध हाताला लागतो, तो या अर्थाने वळलेला दोरच आहे.

पीळ नको असतो अशी आणखी एक जागा आहे. वळलेल्या दोराला एकट्याने लोंबकळणारा माणूस बहुधा गरगर फिरतो, कारण भार आला की दोर थोडा उलगडतो. जर्मनीच्या एडेलरिड कंपनीने 1953 साली सुट्या गाभ्यावर विणलेले कवच चढवलेला दोर काढला आणि गिर्यारोहकांनी तो उचलून धरला. सह्याद्रीत कड्यावर जाणाऱ्यांनी बाजारातला साधा तीनपदरी दोर त्या कामाला कधीही वापरू नये.

घरी किंवा शेतावर तीनपदरी दोर असेल तर थोडी काळजी घ्यावी. वळ्या डावीकडून उजवीकडे चढत असतील तर त्याची गुंडाळी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने करावी, म्हणजे पीळ सुटत नाही. टोकाला सुतळीने घट्ट बांधून घ्यावे, नाहीतर पदर मागे मागे उलगडत जातात. आणि अढी पडली तर दोर ओढून ती काढू नये, उलट फिरवून सोडवावी. ओढलेल्या अढीत तंतू कायमचे मोडतात, आणि पुढे भार आल्यावर दोर बहुधा तिथेच तुटतो.